उड्डाणापूर्वींचा तास

सुटीच्या दिवशीं सकाळीं शहराबाहेरच्या एकाद्या मोकळ्या माळावर कांहीं मंडळी आकाशाकडे डोळे लावून उभी असलेली दिसते. वर हात-दीड हात लांबीचें एक चिमुकलें विमान घारीसारख्या गिरक्या घेत असतें, आणि खालीं एका गृहस्थाच्या हातांत दोन दांड्यांची लहानशी पेटी असते. दांडी किंचित् हलली कीं विमान वळतें. पाहणाऱ्याला वाटतें, सारें कौशल्य त्या बोटांत आहे. हा समज अर्धाच खरा आहे. रेडिओच्या लहरींवर चालणाऱ्या या विमानाचें दैव बहुधा त्याचीं चाकें जमिनीला टेकलेलीं असतांनाच ठरून गेलेलें असतें.

संक्रांतीला पतंग उडविणाऱ्या मुलाला ही गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं. कणी चुकीची बांधली गेली तर मांजा कितीहि उत्तम असला तरी पतंग गटांगळ्याच खाणार. पण पतंगाला निदान दोरा असतो. तो खालीं ओढून घेऊन कणी पुन्हां बांधतां येते. या विमानाला दोरा नाहीं. एकदां हातून सुटलें कीं त्यांत राहून गेलेली चूक सुधारावयास वर कोणी जाऊं शकत नाहीं.

मनुष्याला घेऊन उडणाऱ्या विमानाच्या कितीतरी आधीं त्याची लहान प्रतिकृति उडाली. १८७१ सालीं आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणानें पॅरिसच्या त्विलेरी बागेंत रबराच्या पिळावर चालणारें एक विमान सुमारें ११ सेकंद उडवून दाखविलें. शेपटीच्या आडव्या पात्याच्या योगानें तें आपला तोल आपणच सांभाळीत होतें. १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्क येथें बिनतारी लहरींनीं एक छोटी नाव चालवून दाखविली. पुढें १९३७ सालीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं ‘गफ’ नांवाचें आपलें विमान रेडिओच्या साहाय्यानें उडविलें. तें आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत जपून ठेवलेलें आहे.

आतां असें विमान प्रत्यक्ष जुळवितात कसें, तें पाहावयाचें. पेटींतून धड, पंख, शेपटीचीं आडवीं-उभीं पातीं, विजेची मोटर, तिच्यावर बसणारा प्रोपेलर, बॅटरी, रेडिओचा रिसीव्हर आणि ‘सर्व्हो’ नांवाचीं तीन-चार लहान यंत्रें निघतात. सर्व्होच्या पोटांत एक बारीक मोटर व दंतचक्रें असतात. रिसीव्हरकडून हुकूम येतांच सर्व्होचा हात ठराविक अंशांतून फिरतो व त्याला जोडलेली तार एकेक हलतें पातें ओढते. पंखांच्या मागील कडेचीं पातीं म्हणजे एलेरॉन; तीं विमानाला कुशीवर वळवितात. शेपटीच्या आडव्या पात्याचा हलता भाग एलिव्हेटर. तो नाक वरखालीं करतो. उभ्या पात्याचा हलता भाग रडर; तो नाक डावी-उजवीकडे नेतो.

पंख बसविल्यावर पहिलें काम सरळपणा तपासण्याचें. धडाच्या मागील टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा धरून पाहावा. दोन्ही मापें सारखीं भरलीं पाहिजेत. मग विमान डोळ्यांसमोर धरून मागून पाहावें. शेपटीचें आडवें पातें पंखाशीं समांतर दिसलें पाहिजे. पंखाला थोडासाहि पीळ राहिला तर विमान सदा एकाच कुशीवर कलूं पाहतें. प्रत्येक बिजागरी बोटांनीं ओढून पाहावी. जी चिमटींत निघते ती वाऱ्यांत खास निघणार.

त्यानंतर सर्व्होंची पाळी. या वेळीं मोटरीवर प्रोपेलर असतां कामा नये. घरांत, टेबलावर, मुलें भोंवतीं जमलेलीं असतांना चुकून मोटर फिरली तर तो प्रोपेलर बोट कापल्यावांचून राहत नाहीं. आधीं हातांतील ट्रान्समीटर सुरू करावा, मागाहून विमानाची बॅटरी जोडावी. बंद करतांना क्रम नेमका उलटा. दांड्या मध्यावर असतांना सर्व्होचा हात तारेशीं काटकोनांत बसवावा आणि पातें सपाट येईपर्यंत तारेची लांबी कमी-अधिक करावी.

येथेंच ती चूक संभवते, जिनें असंख्य नवीं विमानें पहिल्याच दिवशीं मातींत गेलीं आहेत. दांडी हलविली कीं पातें हलतें, एवढें पाहून माणूस समाधान पावतो. कोणत्या बाजूला हलतें, हें पाहत नाहीं. विमानाच्या पाठीमागें, त्याच्या नाकाच्या दिशेनें तोंड करून उभें राहावें. दांडी उजवीकडे नेली कीं उजवें एलेरॉन वर व डावें खालीं गेलें पाहिजे. दांडी आपल्याकडे ओढली कीं एलिव्हेटर वर उचललें पाहिजे. हें उलट असेल तर हवेंत भलतेंच घडतें: विमान उजवीकडे कलतें, चालक घाबरून दांडी डावीकडे दाबतो, आणि तें अधिकच उजवीकडे कलंडतें. जितका उपाय जोराचा, तितका नाश जवळ. विशेष हें कीं, ज्या दोषापायीं महिन्याची मेहनत वाया जाते, तो टेबलावर अर्ध्या मिनिटांत दिसला असता.

दुसरी कसोटी तोलाची. सर्वसाधारण विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान असावा लागतो. म्हणजे पंख २४ सेंटिमीटर रुंद असेल तर ६ ते ८ सेंटिमीटरांच्या आंत. बॅटरीसह सर्व सामान जागच्या जागीं बसवून, या खुणेवर पंखांखालीं दोन बोटें टेकून विमान उचलावें. तें सपाट किंवा नाकाकडे किंचित् झुकलेलें राहावें. नाक जड झालें तर विमान मंदपणें वागतें, पण हाताशीं राहतें. शेपूट जड झाली तर तें क्षणांत नाक वर करतें, वेग गमावतें आणि कोसळतें. तोल साधण्यासाठीं आधीं बॅटरी पुढें-मागें सरकवून पाहावी. शिशाचा तुकडा हा शेवटचा उपाय.

माळावर पोंचल्यावरहि दोन परीक्षा उरतात. पूर्वीं दोघांच्या ट्रान्समीटरांची लहर एकच निघाली तर एकाच्या हुकुमानें दुसऱ्याचें विमान पडे, म्हणून मैदानावर लहरींच्या चिठ्ठ्या लावीत. आतां २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचांत प्रत्येक रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरची आज्ञा ओळखतो, त्यामुळें ती भीति बहुतांशीं गेली. तरी ट्रान्समीटरची शक्ति कमी करून तीसेक पावलें दूर जावें व पातीं हुकूम मानतात कीं नाहीं हें पाहावें. तसेंच संबंध तुटल्यास मोटर आपोआप बंद होते, याची खात्री करून घ्यावी; कारण त्या विमानाखालीं रस्ता असेल, खेळणारीं मुलें असतील. भारतांत २०२१ च्या ड्रोन नियमांनींहि अशा प्रतिकृति चालकाच्या नजरेच्या टप्प्यांतच उडविण्याचें बंधन घातलें आहे. एवढें झाल्यावर वाऱ्याकडे तोंड करून विमान सोडावें.

या साऱ्या नेटकेपणाचें फळ किती मोठें असूं शकतें, तें मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांनीं दाखवून दिलें. वयाची सत्तरी उलटलेली, डोळ्यांनीं अगदीं थोडें दिसत असे, कानांनींहि कमीच ऐकूं येई. अशा स्थितींत त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं पांच किलोंहून कमी वजनाचें एक विमान घडविलें. आधींचे कित्येक प्रयत्न समुद्रांत बुडाले होते. २००३ च्या ऑगस्टमध्यें न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून तें सोडलें गेलें. सुटतांना व उतरतांना माणसाचा हात रेडिओवर होता; मधल्या महासागरावर मात्र विमानांतील स्वयंचालक यंत्रावरच सारा भरंवसा होता. सुमारें ३९ तासांनीं, ३,००० किलोमीटरांवर अंतर कापून, तें आयर्लंडच्या किनाऱ्यावर सुखरूप उतरलें.

त्या ३९ तासांतील बहुतेक काळ कोणालाहि त्या विमानाला हात लावतां येत नव्हता, कीं तें डोळ्यांनीं पाहतांहि येत नव्हतें. बिजागरी, तार, तोल, सांधा, जें कांहीं करावयाचें तें आधींच करून झालेलें होतें. माळावर पहिलें विमान घेऊन जाणाऱ्या मुलाचें उड्डाण तीन-चार मिनिटांचेंच असतें. पण त्यालाहि तेवढाच भरंवसा लागतो, आणि तो मिळविण्याची जागा घरांतील टेबल हीच आहे.