माळावरची फुले आणि गुरांची चराई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



फुलांविषयी बोलणार म्हटल्यावर आपणांस वेणी-गजरे आठवले असतील. पण मी बोलणार आहे ते कोणी न लावता माळावर उगवणाऱ्या फुलांविषयी. गणपतीच्या एकवीस पत्रींतली विष्णुक्रांता घ्या. जमिनीलगत पसरणारी, निळ्या टिकलीएवढ्या फुलाची. ती दिसेनाशी झाली की दोष गुरांना दिला जातो. तो निम्माच खरा आहे.

मुळा धरणाचे पाणी आले, तालुक्यात ऊस वाढला, माळ आक्रसला. उरलेल्या मुरमाड तुकड्यावर गुरे-शेळ्या बारमाही फिरू लागल्या, की रोप फुलण्याआधीच खुडले जाते. बी धरत नाही. खुरांनी जमीन घट्ट होऊन पाणी मुरत नाही. मारवेल, पवन्या ही चांगली गवते जातात, कुसळी माजते, आणि गुरे ज्याला तोंड लावीत नाहीत तो तरवड तेवढा फुललेला दिसतो.

मग चराई साफ बंद करावी काय? साताऱ्याजवळचे कास पठार 2012 साली जागतिक वारशात गेले. तेथे कुंपण घालून गुरे थांबवली. पुढे गवत माजून फुले कमी झाल्याची तक्रार गावकऱ्यांनी केली, काही अभ्यासकांनीही तसेच सांगितले, आणि अखेर कुंपण काढले गेले. बोटभर रोपाला ऊन हवे; गुरांनी गवत थोडे उतरवले की ते मिळते.

आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने 1990 नंतर चराईबंदी केली, पण गवत विळ्याने कापून गोठ्यात नेले. गवत उतरले आणि जमीनही तुडवली गेली नाही.

परंतु बंदीचा भार पडतो कोणावर? जिला जमीन नाही, दोन शेळ्यांवर जिचा संसार आहे, तिच्यावर. म्हणून माझी सूचना अशी: माळाचे तीन वाटे करावेत. दरवर्षी एक वाटा पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत राखावा, बी गळू द्यावे, मग तो मोकळा करावा. पुढल्या वर्षी वाटा बदलावा. राखलेल्या वाट्यातले गवत कापण्याचा पहिला हक्क त्या शेळीवाल्या बहिणींचा असावा.

हा ठराव आपापल्या ग्रामसभेत मांडण्याचे काम आपण भगिनींनी अंगावर घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.