संगणकाची रोजची परीक्षा



एखादा गृहस्थ चाळीस वर्षे एका वाचनालयाचा सभासद असावा, त्याने कधी वर्गणी थकवू नये, पुस्तकाचे पान दुमडू नये, आणि मे महिन्यातील एका दुपारी 'आपले सभासदत्व संपुष्टात आले आहे' अशी सूचना त्याच्या हाती पडावी, म्हणजे त्याला काय वाटेल याची कल्पना आपण करू शकाल. २०२३ साली आमच्या वाचनालयात हा प्रकार घडला. ते गृहस्थ पावती घेऊन माझ्याकडे आले. चिटणीस या नात्याने मी टेबलाशी बसलो होतो. "एक एप्रिलला पहाटे उठून, चहा घेण्यापूर्वी, मी चालू वर्षाची वर्गणी घरच्या संगणकावरून भरली आहे," असे ते म्हणाले. मी पावती पाहिली. तिच्यावर तारीख होती ३१ मार्च. मी म्हणालो, "अहो, आपण सरत्या वर्षाची वर्गणी दुसऱ्यांदा भरलेली दिसते. आपल्या स्मरणात काही घोटाळा होत असेल. संगणक खोटे बोलत नाही." त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले, पिशवीतून वाचनालयाचे पुस्तक काढून टेबलावर ठेवले, आणि ते निघून गेले.

घोटाळा त्यांच्या स्मरणात नव्हता. वाचनालयाचा सारा व्यवहार ज्या वेब ॲप्लिकेशनवर चालतो, म्हणजे सभासदाने घरबसल्या ब्राउझरमध्ये उघडून वर्गणी भरावी, पुस्तक राखून ठेवावे अशी जी व्यवस्था आहे, ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने विनामूल्य रचून दिलेली आहे. हे ॲप्लिकेशन ज्या सर्व्हरवर राहते, त्याचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले होते. ती वेळ आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे १ एप्रिलचे पहाटेचे पाच वाजलेले असताना त्या सर्व्हरच्या लेखी ३१ मार्चचे रात्रीचे साडेअकराच झालेले होते. रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आमचे वाचनालय कालच्या दिवसात वावरत होते, आणि त्या वेळी वर्गणी भरण्याची बुद्धी सहसा कोणास होत नसल्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. लवकर उठण्याची चांगली सवय असलेल्या माणसालाच तेवढा दंड झाला!

विद्यार्थ्याने चूक दुरुस्त केली. मी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. प्रकरण मिटले असे आम्ही समजलो. पुढे त्या वर्षाच्या अखेरीस उशिरा आलेल्या पुस्तकांच्या दंडाची रीत बदलावयाची म्हणून त्याने तारखा मोजण्याचा भाग नव्याने लिहिला, आणि १ एप्रिल २०२४ रोजी तीच चूक पुन्हा उभी राहिली. या वेळी तीन सभासद होते, आणि पहिले नाव त्याच गृहस्थांचे होते.

आजच्या माझ्या भाषणाचा विषय येथून सुरू होतो. एकदा दुरुस्त केलेली चूक परत का यावी? प्रोग्रामचे भाग एकमेकांस अशा रीतीने बांधलेले असतात की, येथील दोर सैल केला असता तेथील पडदा खाली येतो. बदल करणारा आपण बदललेले पान तेवढे तपासून पाहतो. शंभर ठिकाणे पुन्हा पुन्हा तपासण्याइतका धीर मनुष्याच्या अंगी नसतो. छत्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यावर हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो. चाळिसावी वही हातात घेतलेला परीक्षक आणि पहिली वही हातात घेतलेला परीक्षक हे एकच गृहस्थ नसतात. यंत्राला मात्र कंटाळा नाही. तेव्हा प्रोग्रामची परीक्षा घेण्याचे काम दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवावे, यालाच स्वयंचलित चाचणी म्हणतात.

ही कल्पना माझ्या विद्यार्थ्याने शोधून काढलेली नाही. केंट बेक आणि एरिख गामा या दोघांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसल्या बसल्या 'जेयुनिट' नावाचे चाचणीचे साधन लिहिले, आणि त्याची वंशावळ आज निरनिराळ्या संगणकभाषांतून पसरली आहे. ब्राउझर आपोआप चालवून पाहण्याचे 'सेलेनियम' हे साधन जेसन हगिन्स यांनी २००४ साली शिकागो येथे सुरू केले. त्याच्या नावाची मौज अशी सांगतात की, त्या काळी याच धंद्यात मर्क्युरी या नावाची, म्हणजे पाऱ्याच्या नावाची, एक बडी कंपनी होती. आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियम हा उतारा समजला जातो.

आता आमच्याकडे काय केले ते सांगतो. एका रविवारी विद्यार्थी माझ्याकडे येऊन बसला. मला वाटले, तो प्रथम चूक दुरुस्त करील आणि मग चाचणी लिहील. त्याने उलट केले. चुकीचा प्रोग्राम तसाच ठेवून त्याने आधी चाचणी लिहिली. तिचे शीर्षक त्याने मराठीतच दिले: 'एक एप्रिलच्या पहाटे भरलेली वर्गणी नव्या वर्षाच्या खाती पडते.' चाचणी चालविताच पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली: अपेक्षित तारीख १ एप्रिल, मिळालेली तारीख ३१ मार्च. मग त्याने दुरुस्ती केली, तीच चाचणी पुन्हा चालविली, आणि अक्षरे हिरवी झाली. "सर, जी चाचणी नापास होताना आपण पाहिलीच नाही, ती काही तपासते आहे हे कशावरून?" असे त्याने मला विचारले. मी गप्प बसलो. वर्गातील प्रत्येक मुलाला पूर्ण गुण मिळतील अशी प्रश्नपत्रिका मीही एकदा काढली होती आणि तिचा मला अभिमान वाटला होता, ते मला आठवले.

त्याने एप्रिलची पहाट रविवारी दुपारी कोठून आणली, असे आपण विचाराल. पूर्वी आमचा प्रोग्राम वेळ हवी असली की स्वतः उठून सर्व्हरच्या भिंतीवरील घड्याळ पाहत असे. आता ते घड्याळ त्याच्या हाती बाहेरून दिले जाते. रोजच्या व्यवहारात खरे घड्याळ द्यावयाचे, आणि परीक्षेच्या वेळी आपल्याला हवी ती वेळ लावून ठेवलेले खोटे घड्याळ द्यावयाचे. या एका सोयीमुळे वर्षातील कोणताही अडचणीचा क्षण घटकेत समोर उभा करता येतो. पहाटे पाच वाजून एकोणतीस मिनिटे ही वेळ तपासली, साडेपाच ही तपासली, आणि ३१ मार्चची रात्र उलटण्याच्या अलीकडचा व पलीकडचा मिनिट तपासला. चुका बहुधा अशा शिवेवरच दबा धरून बसतात.

याच ओघात २९ फेब्रुवारीचा प्रश्न निघाला. आमच्या अभ्यासिकेची वर्गणी ज्या दिवशी भरली त्या दिवसापासून एक वर्ष चालते. एका मुलाने ती २९ फेब्रुवारी २०२४ रोजी भरली होती. त्याचा शेवटचा दिवस कोणता? प्रोग्राम १ मार्च २०२५ म्हणत होता, कारण २०२५ साली २९ फेब्रुवारी नसल्यामुळे त्याची गणना आपोआप पुढल्या दिवशी घसरत होती. विद्यार्थ्याने मला विचारले, "बरोबर उत्तर काय धरू?" मी वाचनालयाची घटना काढून पाहिली. तीत 'एक वर्ष' एवढेच शब्द होते. टेबलाशी बसणारे एक कर्मचारी पंधरा जूनला आलेल्याची मुदत चौदा जूनला संपली असे धरीत, तर दुसरे पंधरा जून संपेपर्यंत त्याला बसू देत. म्हणजे इतकी वर्षे दोन निरनिराळे नियम एकाच टेबलावर गुण्यागोविंदाने नांदत होते! कार्यकारी मंडळात त्यावर अर्धा तास चर्चा झाली, काहींचा आवाजही चढला, आणि अखेर 'वर्षपूर्तीच्या आदल्या दिवसाची रात्र' असा ठराव होऊन त्या मुलाची मुदत २८ फेब्रुवारीला संपते असे ठरले. माझ्या मते या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाचे काम हेच झाले. यंत्र उत्तरपत्रिका तपासते खरे, परंतु आदर्श उत्तर त्याच्या हाती कोणीतरी आधी लिहून द्यावे लागते. आणि ते लिहावयास बसले म्हणजे आपल्यालाच उत्तर ठाऊक नाही असे कित्येक वेळा आढळून येते.

मराठीपुरती एक अडचण येथे सांगितली पाहिजे. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. यातील अर्धा ऱ संगणकावर दोन रीतींनी उमटविता येतो: एकात स्वतंत्र ऱ हे अक्षर असते, दुसऱ्यात साध्या र नंतर एक न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात, पण संगणक त्यांना परके समजतो. परिणामी, एका कळफलकावरून नोंदलेले पुस्तक दुसऱ्या कळफलकावरून शोधणाऱ्यास सापडत नसे, आणि कपाटात समोर दिसत असलेले पुस्तक 'संग्रही नाही' असे आमचे ॲप्लिकेशन शांतपणे सांगत असे. आता शब्द नोंदण्यापूर्वी व शोधण्यापूर्वी एकाच रूपात आणला जातो, आणि 'कऱ्हाड', 'तऱ्हा', 'कुऱ्हाड' हे शब्द दोन्ही रीतींनी शोधून एकच यादी येते की नाही हे चाचणी पाहते. परदेशी बनलेल्या तयार साधनांबरोबर या चाचण्या येत नाहीत. त्या आपल्याच माणसांना लिहिल्या पाहिजेत.

येथवर सांगितल्या त्या लहान लहान भागांच्या चाचण्या. अशा शेकडो असल्या तरी काही सेकंदांत उरकतात. परंतु प्रत्येक भाग वेगळा पास झाला म्हणजे सबंध व्यवहार पास झाला असे होत नाही. अमेरिकेत आरोग्यविम्यासाठी सरकारने उभारलेले 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले, आणि पहिल्या दिवशी ज्यांची विम्याची नोंदणी पुरी होऊ शकली अशी माणसे अवघी सहा निघाली. भाग रचणाऱ्या कंपन्या अनेक होत्या. आपापला भाग त्यांनी तपासला होता. सारे भाग जोडून आरंभापासून शेवटपर्यंत केलेली तपासणी उद्घाटनापूर्वीच्या अखेरच्या दोन आठवड्यांत झाली, असे त्या कंपन्यांच्या प्रतिनिधींनीच पुढे काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले. घोडा, रथ आणि सारथी यांची परीक्षा वेगवेगळी घेतली, पण रथ कोणी जुंपून पाहिला नाही!

म्हणून आमच्याकडे थोड्या मोठ्या चाचण्याही आहेत. त्यांत 'प्लेराइट' नावाचे, मायक्रोसॉफ्टने २०२० साली प्रसिद्ध केलेले साधन खराखुरा ब्राउझर उघडते, सभासद होऊन आत शिरते, पुस्तक शोधते, वर्गणी भरते आणि पावतीवरील तारीख वाचते. पैसे देवघेवीच्या संस्थांनी यासाठी परीक्षेचा वेगळा मार्ग ठेवलेला असतो. त्यात एक रुपयाही हलत नाही. सभासदांची खरी नोंदवही या चाचण्यांना कधीही दाखवावयाची नाही. प्रत्येक चाचणीला कोरी वही द्यावी आणि तिच्यात काल्पनिक सभासद घालावेत. हा धडा आम्हांला फुकट मिळाला नाही. आरंभीच्या एका रात्री वहीची अदलाबदल राहून गेली, आणि माझ्याच सभासदत्वाचा अंत झाल्याच्या अकरा सूचना मध्यरात्रीनंतर माझ्या मोबाइलवर ओळीने येऊन पडल्या. घरातील मंडळी घाबरून उठली. मला मात्र त्या गृहस्थांच्या दुपारची थोडीशी कल्पना आली.

या मोठ्या चाचण्यांना एक खोड असते. त्या कधी पास होतात, कधी विनाकारण नापास होतात. प्रथम आमच्या चाचणीत 'बटण दाबून तीन सेकंद थांब आणि मग पावती पाहा' असे लिहिले होते. जाळे मंद असले की पावतीला चार सेकंद लागत, आणि चाचणी नापास! तेथे 'पावती दिसेपर्यंत थांब, मात्र अर्ध्या मिनिटाहून अधिक नको' असे लिहिल्यावर ती ताळ्यावर आली. तसेच 'उजवीकडील तिसरे बटण' असे न सांगता '“वर्गणी भरा” असे लिहिलेले बटण' असे सांगावे, म्हणजे बटणाची जागा बदलली तरी बिघडत नाही. हे किरकोळ वाटेल. पण 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट मी शाळेत पुष्कळ वर्षे शिकविली आहे. उगाच ओरडणाऱ्या चाचणीकडे चार दिवसांनी कोणी पाहत नाही, आणि मग ती असून नसल्यासारखीच.

आता व्यवस्था अशी आहे की, विद्यार्थ्याने एका ओळीचा जरी बदल केला आणि तो सामाईक साठ्याकडे पाठविला, तरी तेथील यंत्र आपण होऊन सर्व चाचण्या चालविते. एकही नापास झाली तर तो बदल वाचनालयाच्या सर्व्हरवर जाऊच शकत नाही. एकदा घाईत असताना त्याने मला फोन करून विचारले, "सर, एकच नापास आहे, तेवढी आजच्यापुरती बाजूला ठेवू का?" कोणती, असे मी विचारले. ती १ एप्रिलच्या पहाटेची होती. मी नको म्हणालो. त्या रात्री तो उशिरापर्यंत बसला आणि दंडाच्या हिशेबात त्याला नवी चूक सापडली.

हे सर्व झाल्यावरही वृद्ध सभासदाला मोबाइलवरील अक्षर वाचता येते की नाही, किंवा आमची सूचना वाचून त्याचा अपमान होतो की नाही, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. 'आपले सभासदत्व संपुष्टात आले आहे' हे वाक्य आम्ही काढून टाकले. त्याच्या जागी 'आपल्या वर्गणीची नोंद आम्हांस सापडत नाही. कृपया पावती दाखवावी' असे घातले आहे. ते वाक्य त्याच गृहस्थांनी सुचविले. दर शनिवारी दुपारी ते आणि मी वाचनालयात मोबाइल घेऊन बसतो, आणि नवीन जे काही केलेले असेल ते एकदा हाताने करून पाहतो. गेल्या शनिवारी त्यांनी दोन चुका काढल्या.