घाटांतलें वळण आणि मागचीं चाकें

वाईहून पसरणी घाट चढून पांचगणीस जाणारी एस. टी. गाडी वळण घेते, तेव्हां प्रवाशांचें लक्ष दरीकडे असतें. मागच्या आंसाकडे कोणाचेंच नसतें. वस्तुतः त्या क्षणीं मोठें नाजूक काम तेथें चाललेलें असतें.

इंजिनाची शक्ति गिअरपेटींतून निघून गाडीच्या पोटाखालील लांब दांड्यानें मागें जाते. या दांड्यास प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. रस्ता खडबडीत असला कीं मागचा आंस कमानपाट्यांवर खालींवर होतो. गिअरपेटी मात्र सांगाड्याशीं स्थिर असते. म्हणून दांड्याच्या टोकांस फुलीच्या आकाराचे सांधे बसवितात. त्यांमुळें दांडा तिरपा झाला तरी त्याचें फिरणें खंडत नाहीं. पुढें पिनियन नांवाचें लहान दंतचक्र क्राउन या मोठ्या चक्रास फिरवितें. त्यायोगें वेग कमी होतो, जोर वाढतो आणि गति काटकोनांत वळून चाकांकडे जाते.

येथें खरी अडचण उभी राहते. दोन बाजूंच्या चाकांत दोन मीटर अंतर धरलें, तर अर्धवर्तुळाकार वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां सुमारें सव्वासहा मीटर वाट अधिक चालावी लागते. दोन्ही चाकें एकाच अखंड आंसास जखडलीं असतीं, तर त्यांतील एकास घसटतच जावें लागलें असतें. म्हणून आंसाचे दोन भाग करून मध्यें डिफरन्शियल बसवितात. त्यांतील छोटीं दंतचक्रें दोन्ही भागांस जोर सारखाच देतात, वेग मात्र ज्याच्या त्याच्या वाटेप्रमाणें घेऊं देतात.

वाईवरून वाहणारी कृष्णा पुढें सांगलीच्या सपाटीस उतरते. तेथील काळ्या रानांत हाच गुण दोष ठरतो. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचें एक चाक चिखलांत गेलें कीं त्यास पकड राहत नाहीं. तें नुसतें गरगर फिरतें. जोर समान वांटला जात असल्यानें कोरड्यावरील चाकासहि तेवढाच क्षीण जोर मिळतो. चालक इंजिनाचा वेग वाढवितो, आणि चाक अधिकच रुततें. यावर उपाय डिफरन्शियल लॉकचा. त्याची कळ दाबतांच आंसाचे दोन्ही भाग एकजीव होतात आणि कोरडें चाक ओझें ओढून काढतें.

परंतु चिखल संपतांच ती कळ सोडलीच पाहिजे. लॉक तसाच ठेवून कठीण रस्त्यावर वळूं गेल्यास ट्रॅक्टर सरळ रेटूं पाहतो. मागें भरलेली ट्रॉली असतां तें जिवावर बेतूं शकतें. घाटांत जी मोकळीक गाडीस तारते, तीच चिखलांत अडविते. ती केव्हां आवरावी आणि केव्हां द्यावी, याचें भान चालकासच ठेवावें लागतें.