लष्करी घडणीची रायफल घेताना



जुन्या लष्करी रायफलीची हौस पुष्कळांना असते. तथापि आपल्या देशात या हौसेची पहिली पायरी दुकान नव्हे, परवाना होय. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणे हा गुन्हा असून, 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. म्हणून निवड चोखंदळपणेच करावी लागते.

दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या हाती असलेली .303 ली-एनफील्ड अनेकांना हवीशी वाटते. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही ती तयार होत असे. परंतु .303 हा बोअर निषिद्ध वर्गात मोडत असल्याने सामान्य परवान्यावर ती घेता येत नाही. तिच्याच धर्तीवर आयुध निर्माणीने बनविलेली .315 बोअरची रायफल मात्र घेता येते. दोहोंची काडतुसे भिन्न आहेत, हे विसरू नये.

वापरलेली रायफल घेताना बोल्टवरील व मुख्य सांगाड्यावरील क्रमांक ताडून पाहावेत. नळी गंजलेली वा झिजलेली नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. शस्त्रावरील क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यातील नोंदीशी जुळत नसेल, किंवा खोडलेला दिसत असेल, तर किंमत कितीही कमी असो, व्यवहार करू नये.

आणखी एक गोष्ट. मालकाच्या निधनानंतर ते शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे वारसांवर बंधनकारक असते. ही माहिती नसल्यास शोकाच्या प्रसंगीच घरच्यांवर कायद्याचे संकट ओढवू शकते. तेव्हा रायफलीची कागदपत्रे कोठे आहेत, हे घरात आजच सांगून ठेवावे.