कांच फुटली, यंत्र नव्हे



कळफलकावर विसरलेल्या पेन्सिलीवर लॅपटॉपचें झांकण मिटावें, आणि पुन्हां उघडून पाहावें तों पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटलेल्या दिसाव्या, हा प्रसंग आतां पुष्कळ घरांच्या परिचयाचा झाला आहे. अशा वेळीं तोंडून पहिला उद्गार निघतो तो 'गेलें सारें!' हाच. मुलीचा अर्धा लिहिलेला प्रबंध गेला, वर्षाचे हिशेब गेले, आजोबांचीं छायाचित्रें गेलीं, असें वाटून जीव कासावीस होतो. आज मला बोलावयाचें आहे तें या उद्गाराविषयींच. चष्म्याची कांच फुटली म्हणून दृष्टि गेली असें कोणी म्हणत नाहीं. पडदा हा यंत्राचा दाखविणारा भाग आहे, साठविणारा नव्हे. आपलें लेखन कळफलकाखालच्या अंगांत बहुधा सुखरूप असतें.

हा पडदा आहे तरी कसा? बहुतेक लॅपटॉपांत दोन पातळ कांचांमध्यें द्रव-स्फटिकांचा अतिशय तलम थर कोंडलेला असतो. या पदार्थाचें चमत्कारिक वर्तन १८८८ सालीं फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञानें नोंदविलें. तो तापवीत असलेलें संयुग १४५.५ अंश सेल्सियसवर वितळलें, पण गढूळच राहिलें, १७८.५ अंशांवर मात्र तें निवळलें. विजेच्या दाबानें अशा पदार्थाचे रेणू वळतात, आणि त्यानुसार मागून येणारा प्रकाश अडतो किंवा पुढें जातो. १९२० गुणिले १०८० अशा पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात, आणि प्रत्येकाचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग. कांच तडकली कीं ही रचना भंगते व शाई सांडल्यासारखे डाग पसरतात. ती सांधतां येत नाहीं. पडदाच बदलावा लागतो.

पण औषधापूर्वीं निदान हवें. लॅपटॉप तारेनें दूरचित्रवाणी संचाला जोडून पाहावा. तेथें चित्र स्वच्छ उमटलें, तर यंत्राचें अंतरंग शाबूत आहे असें समजावें, आणि त्याच बैठकीस महत्त्वाच्या कागदांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. पडद्यास तडा नाहीं, पण तो काळाठिक्कर आहे, असें असेल तर विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहावा. पुसट चित्र दिसलें तर दोष चित्राचा नाहीं, मागील प्रकाशाचा आहे. मग नवा पडदा घेण्याआधीं आंतील जोडतार तपासून घ्यावी.

नवा पडदा केवळ इंचांच्या मापावर घेणें ही नित्याची चूक होय. १५.६ इंचांचे दोन पडदे सारखे दिसले, तरी एकाची जोडणी ३० टोंकांची, तर दुसऱ्याची ४० टोंकांची असूं शकते. जुन्या पडद्याच्या पाठीवरील चिठ्ठीवर त्याचा क्रमांक छापलेला असतो. तो मिळवून मगच खरेदी करावी. काम करतांना वीज तोडावी, आंतील बॅटरीची जोडणी सोडवावी, कडेची चौकट अलगद उचकटावी, आणि पडदा मऊ कापडावर पालथा निजवून तार सोडवावी. ती ओढूं मात्र नये. नवा पडदा जोडल्यावर चौकट बसविण्यापूर्वींच यंत्र चालवून पाहावें. स्पर्शानें चालणारा पडदा वरील कांचेशीं चिकटविलेला असतो. तें काम जाणत्याकडेच सोंपवावें.

आतां जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतों. पडदा बदलण्यासाठीं आपला परवलीचा शब्द लागत नाहीं. तो विचारणाऱ्या खोलीपर्यंत यंत्र उजळलें, तेथील चित्र निर्दोष दिसलें, कीं दुरुस्तीची परीक्षा झाली. सुतारास दार दुरुस्त करावयास बोलाविलें म्हणून आपण तिजोरीची किल्ली त्याच्या हातीं देत नाहीं. यांत कारागिराचा अविश्वास नाहीं. त्यालाही नसत्या जोखमींतून मुक्त केल्यासारखें होतें.

दुरुस्ती हा आतां ग्राहकाच्या हक्काचा विषय मानला जाऊं लागला आहे. २०२२ सालीं भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें त्यासाठीं समिति नेमली व २४ डिसेंबर रोजीं एक संकेतस्थळही सुरू केलें. पण हक्काला ज्ञानाची जोड नसेल तर तो कागदावरच राहतो. फुटलेला पडदा केराच्या टोपलींत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा, आणि पुढच्या वेळीं 'गेलें सारें' म्हणण्यापूर्वीं 'नक्की काय गेलें?' एवढा एकच प्रश्न स्वतःस विचारावा. पुष्कळदां उत्तर येईल, 'नुसती कांच.'