एकाच मोबाइलवर दोन जावा



संस्था आणि छोट्या व्यवसायांसाठी वेबसाइट, डेटाबेस कसे बनवायचे यावर मला बोलायला सांगितलं आहे. कोणती कंप्युटरची भाषा शिकावी हा प्रश्न तुम्ही विचारणारच. तो शेवटी घेऊ. आधी माझी एक चूक सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. घरांची कौलं, पत्रे उडाले, वीज गेली, आणि वर कोरोनाचे दिवस. मी तेव्हा पेणला घरूनच नोकरी करत होतो. रोह्याकडे काही तरुण मंडळी पत्रे आणि रेशन वाटत होती. त्यांच्या याद्या वह्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. एक घर तीनदा लिहिलेलं, शेजारचं एकदाही नाही. मी दोन रात्री जागून वेब फॉर्म आणि डेटाबेस करून दिला. नोंद दोनदा होऊ नये म्हणून नियम घातला: एक मोबाइल नंबर, एक कुटुंब. स्वतःवर खूश होतो.

चौथ्या दिवशी एका कार्यकर्तीचा फोन. "भाई, एक बाई दोनदा रिकाम्या हाताने परत गेली. तुमचा कंप्युटर नाही म्हणतो."

एका घरात दोन जावा. (जावा म्हणजे प्रोग्रामिंगवाली नव्हे.) दोघींचे नवरे आखातात, चुली वेगळ्या, पण फोन घरात एकच. मोठीची नोंद झाली. धाकटीचा नंबर टाकला की लाल अक्षरात यायचं, 'ही नोंद आधीच आहे.' वही असती तर लिहिणारा म्हणाला असता, "अरे, त्या वेगळ्या झाल्यात ना!" आणि समासात तसं लिहून पत्रे दिले असते. माझ्या फॉर्मला समास नव्हता. आणि वाटप करणाऱ्यांचा वहीपेक्षा कंप्युटरवर जास्त विश्वास बसला होता.

मग बदल केला. व्यक्ती, चूल आणि फोन ही तीन वेगळी टेबलं. एक फोन अनेक चुलींना चालतो, एका चुलीला अनेक फोन चालतात. दोन नोंदी सारख्या वाटल्या तर कंप्युटर आता नकार देत नाही. 'बघून घ्या' एवढंच सांगतो. निर्णय माणूस घेतो, आणि कोणी घेतला हे नोंदलं जातं.

नावांचा गोंधळ तर आपल्याकडे विचारूच नका. आधारवर मोहम्मद, रेशनकार्डावर महंमद, शाळेच्या दाखल्यावर मोहंमद. आपल्यासाठी माणूस एक, कंप्युटरसाठी तीन. बायकांची माहेरची आणि सासरची नावं वेगळी. म्हणून एका व्यक्तीला एकापेक्षा जास्त नावं लिहायची सोय ठेवा. जुन्या याद्या श्रीलिपीत टाइप केलेल्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, नाहीतर शोधलं तरी नाव सापडत नाही.

काय विचारू नये, हेही ठरवायला हवं. फॉर्ममध्ये आधारचा फोटो मागितला होता. कशासाठी, हे कोणालाच सांगता येईना. काढून टाकला. जकात किंवा मदत कोणाच्या घरी गेली ती यादी मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरली, की त्या घरातल्या मुलीच्या लग्नाची बोलणीसुद्धा मोडू शकतात. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण कायदा नसता तरी ही यादी सगळ्यांना दिसायला नकोच होती.

पेणला मी 'कंप्युटरमध्ये नोंद आहे' म्हटलं की जुनी माणसं हसतात. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली, बोगस कर्जखाती निघाली, हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. तेव्हापासून मी पैशांची नोंद कोणाला पुसू देत नाही. चूक झाली तर खाली दुरुस्तीची नवी नोंद करायची, जुनी तशीच राहते.

पेणच्या एका गणपती कारखानदाराला 'अ‍ॅप' हवं होतं. अर्धा दिवस त्याच्या ऑर्डरवहीशी बसलो. कोणत्या मूर्तीवर किती आगाऊ रक्कम आली आणि रंगवायच्या किती राहिल्या, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याला एक्सेलची शीट करून दिली. बिल काही झालं नाही, चहा मात्र झाला.

अजून एक, घाईत सांगतो. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्या. ते बहुतेक वेळा 'कंप्युटर येणाऱ्या पोरा'च्या नावावर असतं. पोरगा दुबईला जातो, नूतनीकरणाचा मेल त्याच्या जुन्या खात्यात पडून राहतो आणि वेबसाइट बंद. सगळा डेटा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का, हेही पहिल्याच दिवशी तपासा.

आता भाषेचा प्रश्न. आधी एसक्यूएल शिका. नंतर पायथन घ्या नाहीतर पीएचपी, मला फरक पडत नाही. सगळं शून्यापासून लिहायची गरज नाही. मुंबईत तयार झालेलं फ्रॅपे आहे, फुकट आहे, त्याचा कोड उघडून वाचता येतो. सरावासाठी मोहल्ल्यातल्या एखाद्या वाचनालयाची नाहीतर दुकानाची वही घ्या आणि तिची टेबलं कागदावर काढा. लॅपटॉप नंतर उघडा.

त्या धाकट्या जावेला पत्रे नऊ दिवस उशिरा मिळाले. जूनचा पाऊस होता. मी तिला भेटलेलो नाही. फोनवर माफी मागितली, तीही मोठीच्याच मोबाइलवर.

विचारा आता, काय विचारायचं ते.