क्षयाचा जंतू आणि आपली जनुके



क्षयावरच्या परिषदेसाठी कल्याणहून योग्य गाव मला सुचत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी इथे वाढल्या. मार्च १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगासमोर ठेवला. पुढच्याच वर्षी आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयानेच गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शत्रू ओळखता आला होता, औषध मात्र नव्हते.

आज औषध आहे. तरीही ते महिनोन्‌महिने घ्यावे लागते, याचे एक कारण म्हणजे हा जंतू फुप्फुसातल्या भक्षक पेशीतच बिऱ्हाड थाटतो. ज्या पेशीने त्याला मारायचे, तिच्याच आत तो तग धरतो. हे त्याला जमते कसे, हाच या परिषदेचा विषय.

एक उत्तर आपल्या जनुकांपाशी सापडते. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. त्या प्रथिनांवरच्या रासायनिक खुणांवरून कोणते जनुक चालू राहील, कोणते बंद, हे बरेचसे ठरते. हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेत संजीव खोसला यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवून दिले, की क्षयाचा जंतू आरव्ही-१९८८ हे प्रथिन बाहेर सोडतो. ते पेशीच्या केंद्रकात शिरते आणि एच-३ हिस्टोनच्या बेचाळिसाव्या जागी मिथाइलची खूण करते. त्यामुळे जंतूंना मारक ठरणारे ऑक्सिजनचे रेणू तयार करण्यात भाग घेणारी जनुके मंदावतात. जनुकातले एक अक्षरही न बदलता पेशीचा प्रतिकार ढिला पडतो! मला यात भीतीइतकीच आशाही दिसते, कारण अक्षर शाबूत असेल तर खूण पुसण्याचा प्रयत्न करता येतो. असा उपचार अजून आपल्या हाती नाही. तो प्रयोगशाळेतल्या पेशी पाहून पुरा होणार नाही, त्यासाठी खरे रुग्ण समजून घ्यावे लागतील: मधुमेह असलेले, पोटभर अन्न न मिळणारे, औषध अर्ध्यावर सोडलेले.

हे रुग्ण रोज आपल्या ओपीडीत येतात. म्हणून दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक मित्राला माझी विनंती आहे: नोंदी काटेकोर ठेवा, आणि रुग्णाची समजून-उमजून संमती असेल तर रक्ताचा नमुना संशोधकांपर्यंत पोहोचवा. संशोधकांनीही जे सापडेल ते आधी आमच्या या डॉक्टरांना, मराठीतून, येऊन सांगावे.